कुंकवाच्या मात्रा

माझं तेलुगू ही आमच्या घरातली बिनखर्चाची करमणूक आहे. पाहुणे आले, चहा झाला, गप्पा संपल्या आणि तरी कुणी उठेना, की कुणीतरी हळूच म्हणतं, "अज्जी, जरा तेलुगूत बोल की." मी बोलते. लोक हसतात. मीही हसते. सासरच्या माणसांना हसवता आलं, की त्यांची भाषा नीट न येण्याचा गुन्हा माफ होतो, एवढं शहाणपण मला उशिरा का होईना आलेलं आहे.

मी मूळची होटगीची. वडील रेल्वेत, घरात मराठी, शेजारी कानडी. लग्न करून सोलापुरात विणकरांच्या तेलुगू घरात आले, तेही आपल्या मर्जीनं. आपल्या मर्जीनं म्हणजे त्या काळी काय, ते सांगत बसत नाही. माझ्या आईनं वर्षभर बोलणं टाकलं आणि सासूबाईंनी पहिल्याच जेवणाला असं तिखट वाढलं, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि शेजारणींना वाटलं, पोरीला माहेरची आठवण आली. ते तिखट रागाचं नव्हतं, रोजचंच होतं, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मात्र मी तांब्याभर पाणी पीत ठरवलं, की तीन महिन्यांत यांची भाषा शिकून सगळ्यांना गार करायचं. तेव्हा मी तरुण होते आणि मला सगळं येत होतं. आता काहीच येत नाही, पण झोप चांगली लागते.

मला तेलुगू शिकवायचं काम वदिनानं अंगावर घेतलं. वदिना म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझी नणंद. तिचा नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगा आणि मांडीवर विड्यांचं सूप. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. हात चालायचे आणि तोंडानं गाणं चालायचं. विडी वळून झाली, की तिचं तोंड नखानं आत दाबून बंद करतात. वदिनाचं ते नख म्हणजे हत्यार होतं. त्याच नखानं तिनं मला शिकवलं.

तेलुगूत 'ए' आणि 'ओ' दोन-दोन तऱ्हांचे. एक आपल्यासारखा, पाय पसरून बसणारा. दुसरा आखूड, दारातून डोकावून लगेच मागं फिरणारा. मराठी कानाला हा दुसरा दिसतच नाही म्हणा ना! मुलाला म्हणतात कॊडुकु आणि सुनेला कोडलु. मुलगा आखूड, सून लांब. मी दोघांनाही सारखंच लांबवायची.

"ओ पिल्ला," वदिना म्हणायची. पिल्ला म्हणजे पोरगी. "तुझा मुलगा लई लांब झाली." आणि सुपाच्या काठावर नख आपटायचं. टक! "हितं तोंड बंद कर. विडीसारखा."

मी पुन्हा म्हणायची. पुन्हा टक. सुपातल्या विड्या वाढत जायच्या, माझं तेलुगू तिथंच. मात्र तिच्या मराठीत मुलगा 'झाली' आणि बस 'आला', त्यामुळं आमची फिटंफाट होती. ती माझे स्वर कापायची, मी तिचे मुलगे आणि मुली ज्याच्या त्याच्या जागी बसवायची. दोघींपैकी कुणीच सुधारली नाही.

वदिनाकडे एक गाणं होतं. आमच्याकडे लग्नात सगळ्यात शेवटी मुलीला सासरच्यांच्या हवाली करतात, त्याला अप्पगिंतलु म्हणतात. त्या वेळचं ते गाणं. सासूबाईंकडून लेकीकडे आलेलं. सुनेकडे यायचा प्रश्नच नव्हता, सुनेची जीभ लांब. गाण्यात आई जावयाच्या माणसांना सांगते, की आमच्या पोरीला हळू हाक मारा, ती दचकते. 'मॆल्लगा पिलवंडि', हळू हाक मारा हो, असं ते पुन्हा पुन्हा येतं. त्या 'मॆल्लगा'तला 'ए' आखूड आहे. तो इतका हलका पडतो, की गाणाराच कुणाच्या तरी झोपलेल्या लेकराजवळून चवड्यांवर चालत गेल्यासारखा वाटतो.

हळदीकुंकवाच्या ताटाला वदिनाचा हात लागत नसे. ओटी भरायला तिला कुणी बोलवत नसे, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. मांडवात ती सगळ्यांच्या मागं खांबाला टेकून बसायची. पण अप्पगिंतलुची वेळ आली, की सगळा मांडव मान वळवून मागं बघायचा. नवरीची आई, वरमाई, भटजी, सगळे गप्प. तेवढा वेळ ते लग्न वदिनाच्या हातात असायचं. गाणं संपलं, की ती पुन्हा खांबाची.

मुलं शाळेत जायला लागल्यावर मी एका छापखान्यात नोकरीला लागले. तिथं कॉम्प्युटर नुकताच आला होता. त्याला स्वतंत्र खोली, खोलीला काच, काचेला पडदा. आत जाताना चपला बाहेर. देवळात जाताना माणसं एवढ्या भक्तीनं चपला काढत नाहीत. पंख्याचं तोंड त्याच्याकडं आणि आम्ही घामात. टायपिंगची परीक्षा पास म्हणून मला त्याच्यासमोर बसवलं आणि माझं डोकंच फिरलं. पर्समध्ये मी कायम एक फ्लॉपी ठेवायची. कामाची नव्हे, रिकामी. बसमध्ये सुट्टे पैसे काढताना आधी ती काढायची, हातात धरायची आणि शेजारची बाई बघते का ते बघायचं. एकदा एका बाईनं विचारलंही, "आरसा हाय का हो त्यात?" मी दोन स्टॉप आधीच उतरले.

त्या वेळच्या फाँटात अक्षराची आणि त्याच्या डोक्यावरच्या चिन्हाची ओळख नसायची. 'अ'ला इंग्रजी उच्चाराची टोपी घालायची, तर टोपी वेगळी टाईप करायची आणि हळूहळू मागं ओढत डोक्यावर आणून ठेवायची. मग गिऱ्हाईक म्हणणार, अक्षर मोठं करा. अक्षर मोठं झालं, की डोकं पुढं आणि टोपी तिथंच. एका बँडवाल्याच्या जाहिरातीत टोपी घसरून 'ड'वर बसली होती. त्यानं ती तशीच छापून घेतली. म्हणाला, वेगळं दिसतंय.

अक्कलकोटकडचे एक कानडी बोलणारे काका लग्नपत्रिका छापायला आले. पत्रिकेवर त्यांच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, नाव होतं. बराच वेळ कागद जवळ-लांब धरून म्हणाले, "ताई, आमच्या अव्वाचा ए आखूड हाय. तुमी लई लांब केलाय की."

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काका, मराठीत एकच ए मिळतो."

"मग जरा कापून द्या की!"

त्यांनी चेष्टा केली असणार. मी खरंच कापला. ट्रेसिंग पेपरवर छापलेल्या नावावरची मात्रा ब्लेडनं उचलली, उलटी केली आणि सुईच्या टोकावर डिंक घेऊन पुन्हा बसवली. चिमणीचं पीस अडकल्यासारखं दिसत होतं. काकांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत ते पीस सुटलं आणि जेवणाच्या वेळेवर जाऊन चिकटलं. वऱ्हाडी किती वाजता जेवले, देव जाणे!

पण माझा खरा पराक्रम खंडेनवमीचा. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. छपाईच्या मशीनला हार, कटरला हार. कॉम्प्युटरला कुंकू कोण लावणार? मीच, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता तर ना! ओल्या कुंकवाचं बोट काचेच्या बरोबर मधोमध टेकवलं, नमस्कार केला, पेढा खाल्ला.

दसऱ्यानंतर कामाला बसले. बघते तर एका शब्दावर नको तिथं अनुस्वार. खोडायचं बटण दाबलं. अक्षर गेलं, अनुस्वार तिथंच. ओळ खाली सरकवली, तर अनुस्वार तिथंच राहून दुसऱ्याच शब्दाच्या डोक्यावर. मागून उजेड आला, की कुंकूसुद्धा काळंच दिसतं, हे मला कुठं ठाऊक! मशीन बंद केलं, चालू केलं, मनातल्या मनात स्तोत्र म्हटलं. शेवटी मालकांना बोलावलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, की मशीनला काहीतरी लागलंय. मालकांनी चष्मा कपाळावर केला, रुमालाचं टोक ओठांवर ओलं केलं आणि अनुस्वार पुसला.

"ताई, हा तुमचा हाय. मशीनचा न्हाय."

हे मी वदिनाला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की मांडीवरचं सूप कलंडलं आणि विड्या घरभर झाल्या. गोळा करता करता डोळे पुसत म्हणाली, "अगं पिल्ला, कुंकू कागदाला लावतात. काचेला न्हाय."

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षी वदिनाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. उरली ती कुजबुज, आणि तीही फार करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. आता ती कुंभारीला मुलाकडे असते, विडी कामगारांच्या वसाहतीत. विड्या वळणं कधीच सुटलं, पण सूप जवळ लागतं. त्यात शेंगा निवडते, काही नसलं तर रिकामंच मांडीवर घेऊन बसते.

आणि नेमकं ह्याच वर्षी तिच्या नातीचं लग्न ठरलं. ही एकुलती एक नात, वदिनाच्या मांडीवर, सुपाच्या शेजारी वाढलेली. आता पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिचा कॉम्प्युटर मांडीवर बसतो आणि त्याला चपला चालतात. आजीला ती नानम्मा म्हणते. तिनं जाहीर करून टाकलं, "नानम्मा गाऊ शकत नाही तर आम्ही चुलत-मावस बहिणी गाणार. तेच गाणं. दुसरं चालणार नाही."

ठरवणं सोपं होतं. ह्या पोरी मराठी शाळेत शिकलेल्या. तेलुगू बोलतात अर्धीमुर्धी, वाचता एकीलाही येत नाही. गाणं टिपलेलं कुठं असेल म्हणून जुन्या लग्नांचे व्हिडिओ काढले. वदिना सगळ्यांत मागं, खांबाला टेकलेली, ओठ हलताहेत आणि व्हिडिओवाल्यानं आवाज काढून वर सिनेमातलं गाणं चढवलेलं. बाकीच्या बायका म्हणाल्या, आम्ही नुसता ओढलेला सूर धरायचो, शब्द तिचे. शब्द सगळे पाठ होते ते एकटीला. मला. म्हणजे बघा नशीब त्या गाण्याचं!

मी शब्द सांगितले, चाल गुणगुणून दाखवली, पोरींनी मराठीत उतरवून घेतले आणि एका रविवारी कुंभारीला वदिनाच्या पुढ्यात बसून गायल्या. गळे चांगले होते. पण प्रत्येक 'ए' पाय पसरून बसलेला. 'मेऽल्लगा, मेऽल्लगा.' हळू हाक मारा असं सांगायचं सोडून गावभर दवंडी पिटल्यासारखं वाटत होतं. वदिना सुपात बघत राहिली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

"पाट कादु," एवढंच कुजबुजली. हे गाणं नव्हे.

पोरी हिरमुसून बाहेर गेल्या. मी तिचे पाय दाबत बसले. थोड्या वेळानं तिनं मान वळवली.

"पिल्ला, ह्या लग्नात मी कुटं बसू?"

"कुठं म्हणजे? नवरीची नानम्मा तू. पुढं बसायचं."

तिनं आपले रिकामे तळहात पुढं केले. मग मला कळलं. ताटाला हात नाही, ओटीला हात नाही, होतं ते एक गाणं. तेही गेलं तर मांडवात तिच्या वाटणीचं काय? खांब?

मी म्हटलं, "थांब तू. मी करते काहीतरी." वरून म्हणाले, "अख्ख्या सोलापूरच्या पत्रिका जुळवल्यात मी." म्हातारपणीसुद्धा पर्समधली फ्लॉपी सुटत नाही माणसाची.

मी नातीला ते चिमणीचं पीस कागदावर काढून दाखवलं. म्हटलं, आखूड 'ए'ला असलं काहीतरी लावायला हवं म्हणजे पोरींना कळेल. तुझ्या मशीनला पीस बसवता येतं का बघ. तिनं दोन मिनिटं बटणं दाबली.

"अज्जी, हे तर आहे की यात! दक्षिणेकडच्या भाषा आपल्या अक्षरांत लिहायला ठेवलंय. हे बघ, आखूड 'ए', आखूड 'ओ'."

पडद्यावर मात्रा होती. आपलीच मात्रा, पण उलट्या अंगाला कललेली, झोपेतून उठलेल्या पोरीच्या केसांच्या बटेसारखी. अक्षर मोठं केलं, मात्रा सोबत मोठी झाली. लहान केलं, लहान झाली. जागची हलली म्हणून नाही. मी तिच्याकडं बघतच राहिले. ब्लेडनं बोटं कापून घेत होते तेव्हा कुठं होतीस गं बाई?

मग मी बसले. गाणं माझ्या हातानं टाईप केलं, आठवून आठवून जिथं जिथं आखूड तिथं तिथं बट बसवली. वदिनाला विचारलं नाही, तिला एकदम छापलेलंच दाखवायचं होतं मला. पोरींच्या फोनवर पाठवलं, तर एकीच्या फोनवर बट दिसे आणि दुसरीच्या फोनवर तिच्या जागी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. म्हणून छापून घ्यायचं ठरलं. पिवळ्या जाड कागदाची एकेक घडी, आत गाणं. पोरींना आणि मांडवातल्या सगळ्या बायकांना पुरतील एवढ्या प्रती.

आमचा छापखाना बंद झाला त्याला बरीच वर्षं झाली. दुसऱ्या एका ठिकाणी दिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी गठ्ठा घ्यायला गेले तर तिथली ऑपरेटर मुलगी मोठ्या प्रेमानं म्हणाली, "काकू, तुमच्या फाईलमध्ये बऱ्याच मात्रा वाकड्या झाल्या होत्या. मी सगळ्या सरळ करून दिल्या. एका झटक्यात."

मी तिथंच खुर्चीवर बसले. तिनं पाणी दिलं. तिच्या कपाळाला बारीक टिकली, कानामागं पेन खोचलेलं आणि चेहऱ्यावर तो तोरा. मला सगळं येतं, असा. ओळखीचाच तोरा होता. तिला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मशीनवर दुसरं काम चढलं होतं, उद्या सकाळी मुहूर्त. मी गठ्ठा उचलला, तिला म्हटलं, "फार छान केलंस गं," आणि रिक्षानं कुंभारी गाठली.

घरात बायकांचा मेळा जमला होता. मधे हळदीकुंकवाचं ताट. मांडवात वाटायचं जे काही असेल त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावून मगच ते पुढं जातं, म्हणून माझ्या गठ्ठ्याचीच वाट बघत होत्या. वदिना ताटापासून लांब, दाराशी, मांडीवर सूप घेऊन.

मी झालेला प्रकार सांगितला. नात म्हणाली, "त्यात काय, माझ्या फोनवर बरोबर आहे ना? त्यावरून पेननं खुणा करू. अज्जी, तू वाच."

मी घसा साफ केला आणि वाचायला लागले. जिथं बट दिसे तिथं तोंड बंद करीत, अगदी विडीसारखं.

टक!

बट नव्हती तिथं वदिनाचं नख वाजलं. मी चष्मा पुसला, पुढं वाचलं. बट आली, मी आखूड म्हटलं. सूप गप्प. पुढच्या साध्या अक्षराला टक, टक. थोड्याच वेळात सगळ्यांच्या लक्षात आलं, की माझ्या बटा एका डोक्यावर आणि वदिनाचं टक दुसऱ्याच. अख्खं गाणं मी माझ्या लांब जिभेच्या हिशोबानं सजवलं होतं!

आधी नात हसली, मग बाकीच्या. वदिनाचा आवाज नव्हता, पण खांदे हलत होते आणि सूप कलंडायला आलं होतं. त्या ऑपरेटर मुलीला मी मनातल्या मनात मुका दिला. माझा मूर्खपणा तिनं एका झटक्यात सरळ करून दिला होता, नाहीतर तो पिवळ्या कागदावर गावभर झाला असता.

"फोन ठेव बाजूला," मी नातीला म्हटलं. "ही वाजवेल तिथं खूण. चला."

मी बोट अक्षराखाली सरकवत वाचू लागले. टक झालं, की खूण करायची. पण त्या गुळगुळीत कागदावर पेन उमटेना, नुसतं घसरे. तेव्हा माझं लक्ष ताटाकडं गेलं. काडेपेटीतली काडी घेतली, ओल्या कुंकवात बुडवली आणि अक्षराच्या डोक्यावर ठेवली. ठिपका छान बसला. मात्र माझ्या डोळ्यांना मोतीबिंदूची सुरुवात. पुढचा ठिपका शेजारच्याच अक्षराच्या डोक्यावर.

नातीनं काडी माझ्या हातातून काढून घेतली. मग ताट उचललं, दारापर्यंत गेली आणि वदिनाच्या सुपात ठेवलं.

"नानम्मा, तूच लाव. तुला कळतं कुठं ते."

कोपऱ्यातल्या एक वयस्क बाई खोकल्या. साधा खोकला नव्हता तो. मी म्हटलं, "खोकल्याला हळद चांगली, मावशी. ताटात आहे, देऊ का?" त्यांचा खोकला थांबला.

वदिना ताटाकडं बघत होती. नात तिच्या पायाशी कागद धरून बसलेली. "उद्या माझं लग्न आहे, नानम्मा," ती म्हणाली. "मला उशीर करू नको."

वदिनानं हात पदराला पुसला. दोनदा पुसला. काडी घेतली नाही. तेच नख, विड्यांची तोंडं बंद करणारं, कुंकवात टेकवलं आणि माझ्याकडं मान हलवली. वाच.

मी ओळीखाली बोट सरकवत वाचलं. 'मॆ' आला तसं तिचं नख कागदावर उतरलं, आवाज न करता. वाचता येत नसलेल्या त्या बाईनं त्या अक्षराच्या डोक्यावर केवढासा लाल ठिपका ठेवला. दोऱ्यात ओवल्यासारखा. मी पुढं गेले, माझं बोट पुढं, तिचं नख मागोमाग. शेवटच्या ओळीपर्यंत.

ती एक प्रत मधे ठेवून बाकीच्या बायकांनी उरलेल्या रंगवल्या. काड्या संपल्या तेव्हा बोटांनी. "घडी घालू नका गं, वाळू द्या!" मी ओरडत होते. पिवळे कागद बाजेवर, खिडकीत, दळणाच्या डब्यावर वाळत पडले होते. वदिना मधल्या प्रतीशी ताडत प्रत्येक कागदावरून नजर फिरवत होती. एकीनं ठिपका चुकवला, तर तिथं जाऊन नख टेकवायची.

दुसऱ्या दिवशी मांडवात मी तिला पुढं ओढलं. खांबाजवळ नव्हे, नवरीच्या अगदी शेजारी. नाही म्हणत होती, पण आवाज नसलेल्या माणसाचं नाही आपल्याला ऐकू आलं नाही, असं करता येतं. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात माझ्या हातात घेतला.

अप्पगिंतलुची वेळ झाली. पोरी पिवळे कागद धरून उभ्या राहिल्या. पहिली ओळ सुरू झाली तसं माझ्या तळहातावर नख वाजलं. टक. पोरींना ते ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा 'ए' तिथंच मिटला, हलकेच. पुन्हा टक, पुन्हा मिटला. दर ठिपक्यावर पोरींच्या भुवया जरा वर व्हायच्या, जणू त्या अक्षराला सांभाळून उचलताहेत. वरमाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवरी तर आपलं रडणं विसरून बहिणींबरोबर गायला लागली.

'मॆल्लगा' तिसऱ्यांदा आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तळहातावर काही वाजत नाही. मी बघितलं. वदिनाचं नख माझ्या हातात नुसतंच टेकलेलं होतं, स्वस्थ. ती डोळे मिटून ऐकत होती. आता वाजवायची गरज नव्हती. गाणं चवड्यांवर चालत चाललं होतं, कुणालाही न उठवता.

आणि काय सांगू, मला राहवेना. मीही तोंड उघडलं आणि पोरींच्या सुरात सूर मिसळून, मोठ्यानं, जीव तोडून म्हटलं, "मेऽल्लगा..."

वदिनानं डोळेही न उघडता मला असा चिमटा काढला, की तो निळा डाग आठवडाभर दंडावर होता.